शेपूट गेलं, स्नायू राहिला

एकदा जोरात खोकून बघा. आत्ता, वाचता वाचता.

काय झालं? छातीतून हवा सुटली, पोट आत ओढलं गेलं आणि क्षणभर पोटातला दाब एकदम वाढला. दाब काही एकाच दिशेला जात नाही. तो वर गेला तसा खालीही गेला. आणि खाली तर शरीराची दारं आहेत! तरी काही सांडलं नाही. नोव्हेंबरचं धुरकं उतरलं की दिल्लीत राजीव चौकच्या मेट्रो स्टेशनात अर्धी गर्दी खोकत असते, आणि तिथेही सगळी दारं बंदच राहतात. कशी काय?

तुमच्या पोटाच्या तळाशी असलेले स्नायू खोकला फुटण्याच्या किंचित आधीच आवळले गेले होते. आधी! मेंदूने छातीला खोकायचा हुकूम दिला, तेव्हाच तळालाही निरोप धाडला की सांभाळ, दाब येतोय. तुम्हाला यातलं काहीच कळलं नाही. आजवर हजारो वेळा हे झालं असेल, एकदाही कळलं नसेल.

डॉक्टर या तळाला पेल्व्हिक फ्लोअर म्हणतात. मराठीत पोटरीला नाव आहे, मांडीला आहे, दंडातल्या बेटकुळीलासुद्धा आहे. पण जन्मभर आपली लाज राखणाऱ्या या स्नायूंना रोजच्या बोलण्यातलं एकही नाव नाही. आपण ‘ओटीपोटाचा तळ’ म्हणू. त्याची ओळख करून घेऊ, कारण तो थकला, फाटला किंवा विसरला तर काय होतं हे कुणी मोठ्याने बोलत नाही. आणि त्याला पुन्हा शिकवता येतं हे तर बहुतेकांना माहीतच नसतं.

आधी गोफण बघा. हो, शेतात मचाणावर उभं राहून पाखरं हाकायची तीच. दोरीची दोन्ही टोकं एका हातात आणि मधल्या घडीत दगड. आपल्या तळात हुबेहूब असा एक स्नायू आहे. त्याची दोन्ही टोकं पुढच्या बाजूला, जांघांच्या मध्ये हाताला लागणाऱ्या हाडावर बांधलेली आहेत. तिथून तो मागे जातो, गुदाशय जिथे संपतो तिथे त्याच्या मागून वळसा घालतो आणि परत पुढे येतो. घडीत दगडाच्या जागी आपलं आतडं! स्नायू ते सतत पुढे ओढून धरतो, त्यामुळे सरळ नळीला तिथे जवळजवळ काटकोनात मुरड पडते. बागेला पाणी घालताना नळी मुडपली की धार बंद होते ना, तसंच. शौचाला बसलं की गोफण सैल पडते, मुरड उलगडते आणि वाट मोकळी होते. उकिडवं बसलं की ती आणखी सरळ होते. आपल्याकडच्या जुन्या संडासाची रचना या कोनाशी किती जुळणारी होती!

पण नुसत्या मुडपलेल्या नळीवर शरीर विसंबून राहत नाही. दाराशी दोन कडी आहेत, एकात एक बसवलेली. आतलं कडं आपल्या हुकमात नाही. हृदयासारखं ते आपलं आपण चालतं, आणि निवांत असताना दार बंद ठेवण्याचा मोठा भार तेच उचलतं. जाडी किती, तर दोन-तीन मिलिमीटर. बाहेरचं कडं मात्र आपलं ऐकतं. भर सभेत वायू अडवून धरता तो याच कड्याच्या जोरावर. त्यातही गंमत अशी की ते पूर्ण सैल कधी पडतच नाही. तुम्ही गाढ झोपता, हात लुळा पडतो, मान कलंडते, तोंड उघडं राहतं. हे कडं मात्र थोडं आवळलेलंच असतं. हाता-पायांचे स्नायू झोपेत सुट्टी घेतात. हा घेत नाही.

आणि आता या यंत्रणेतली मला सगळ्यात थक्क करणारी गोष्ट.

दारावर टकटक झाली तर तुम्ही काय करता? साखळी न काढता दार किंचित उघडता आणि फटीतून बघता, कोण आलंय. आपलं शरीर हेच करतं, तासातून अनेकदा, आपल्या नकळत. गुदाशयात काही येऊन पोहोचलं की आतलं कडं क्षणभर सैल होतं. आलेल्या गोष्टीचा अगदी थोडा अंश खाली उतरतो आणि गुदमार्गाच्या अस्तराला टेकतो. त्या अस्तराला बोटांच्या टोकांसारखी बारीक जाण आहे. स्पर्श, ऊन-थंड, सगळं त्याला कळतं. त्याच क्षणी बाहेरचं कडं घट्ट होतं. म्हणजेच साखळी. या पलभरात निवाडा होतो: वायू आहे, पातळ आहे की घट्ट? वायू असेल तर जाऊ द्यायचा का? इथे, चारचौघांत? निवाडा झाला की दार बंद.

विचार करा. अंधारात, न बघता, वायू, द्रव आणि घन यांतला फरक ओळखायचा. वायू तेवढा सोडायचा आणि बाकीचं आत ठेवायचं. असं काम करणारी झडप कुठल्या कारखान्यात पाहिलीय? तुमच्या माझ्याकडे ती जन्मापासून आहे, आणि दोन-तीन वर्षांचे झाल्यावर आपण ती वापरायला शिकलो. ‘शिकलो’ हा शब्द लक्षात ठेवा. पुढे तोच कामाला येणार आहे.

हे सगळं आलं कुठून? उत्तर आपल्या भाषेतच दडलंय. पाठीचा कणा खाली जिथे संपतो त्या टोकाला आपण माकडहाड म्हणतो. शेपटीचा तो उरलेला बुंधा. चार पायांच्या, शेपटीवाल्या प्राण्यांत तळाचे हे स्नायू शेपूट हलवण्याचं काम करतात. घाबरलेलं कुत्रं पायांत शेपूट घालतं, ते यांच्याच बळावर. मग आपण दोन पायांवर उभे राहिलो. चार पायांच्या प्राण्यात पोटातल्या अवयवांचं ओझं पोटाच्या भिंतीवर लोंबत होतं, ते आता थेट खालच्या बाजूला आलं. शेपूट गेलं होतं, पण स्नायू होते. तेच आडवे पसरून तळ झाले. ज्या स्नायूंनी कुत्रं शेपूट घालतं, त्यांच्याच भरवशावर आपण ताठ मानेने चारचौघांत उभे राहतो! आजही हे स्नायू नीट आवळले की माकडहाड किंचित पुढे सरकतं. नसलेलं शेपूट आपण अजून आत ओढतो.

आपल्या जुन्या वैद्यांनीही इथे डोळसपणे पाहिलं होतं. सुश्रुतसंहितेत मूळव्याधीच्या प्रकरणात गुदाच्या तीन वळ्या सांगितल्या आहेत, शंखाच्या वेढ्यांसारख्या एकीवर एक. आतली प्रवाहणी, म्हणजे पुढे ढकलणारी. मधली विसर्जनी, म्हणजे सोडणारी. आणि सगळ्यात बाहेरची संवरणी, म्हणजे झाकणारी. नुसता आकार बघून ठेवलेली ही नावं नाहीत, कामावरून ठेवलेली आहेत. ढकलणं, सोडणं, झाकणं: आज दाब मोजणारं यंत्र लावून जे तपासतात तेही याहून वेगळं नसतं.

मग हे बिघडतं कुठे?

सगळ्यात मोठं कारण आहे बाळंतपण. अमेरिकेतल्या मिशिगनच्या संशोधकांनी 2004 साली संगणकावर हिशेब मांडला की बाळाचं डोकं बाहेर येताना तळाच्या स्नायूचा सर्वांत आतला पट्टा किती ताणला जात असेल. उत्तर आलं, मूळ लांबीच्या 3.26 पट. एरवी शरीरातला कुठलाही स्नायू दीडपटीपलीकडे ताणला तर इजा होते! गरोदरपणात हे ऊतक बदलून अधिक ताण सोसणारं होतं, म्हणूनच बहुतेक बायका त्यातून सावरतात. पण सगळ्या नाही. 1993 मध्ये लंडनच्या डॉक्टरांनी पहिलटकरणींची आतून सोनोग्राफी केली, तेव्हा योनीमार्गे बाळंत झालेल्या 35 टक्के बायकांच्या कड्यात कुठेतरी खंड पडलेला दिसला. वरून पाहून कुणालाच कळलं नसतं. तरुणपणी बाकीचे स्नायू भार वाटून घेतात. पाळी जाण्याच्या वयात तीस वर्षांपूर्वीची ती भेग बोलायला लागते.

पुरुषही सुटत नाहीत. मूळव्याधीची किंवा भगंदराची शस्त्रक्रिया, अनेक वर्षांचा मधुमेह, पक्षाघात, मणक्याची इजा, जन्मभर कुंथायची सवय, यांतलं काहीही पुरतं. आणि मग आयुष्य नकाशासारखं होतं. गुरुग्रामहून मेट्रोच्या यलो लाइनने दिल्लीला जायचं तर वाटेत कुठल्या स्टेशनवर स्वच्छतागृह उघडं असतं, उतरून परत गाडी मिळायला किती वेळ लागेल, पिशवीत जादा कपडे घेतले का, हे सगळं घरातून निघण्याआधी मनात फिरतं. हळूहळू माणूस निघणंच टाळतो. लग्नाला नाही, गावाला नाही, देवळात नाही. घरच्यांना वाटतं, वय झालं. डॉक्टरला साखर सांगतात, गुडघे सांगतात, हे मात्र सांगत नाहीत.

आता ‘शिकलो’ या शब्दाकडे परत येऊ.

1948 साली अमेरिकेत आर्नोल्ड केगेल नावाच्या स्त्रीरोगतज्ज्ञाने एक साधी गोष्ट मांडली. हा स्नायू दंडाच्या स्नायूसारखाच आहे, मग त्याला तालीम का देऊ नये? त्याने रबरी फुगा आणि दाबाचा काटा जोडून एक उपकरण बनवलं. बायकांनी स्नायू आवळला की काटा हलायचा. न दिसणारा स्नायू त्या काट्याने दिसायला लागला. केगेलचा भर लघवीच्या त्रासावर होता. शौचाच्या ताब्यासाठी याहून धाडसी पाऊल 1974 मध्ये बाल्टिमोरला उचललं गेलं. एंगेल, निकूमनेश आणि शुस्टर यांनी सहा रुग्ण घेतले, शौचावरचा ताबा पुरता गेलेले. गुदाशयात छोटा फुगा ठेवून तो फुगवायचा, म्हणजे शरीराला वाटतं काहीतरी आलं. आतलं कडं सैल पडतं. नेमक्या त्याच क्षणी बाहेरचं कडं आवळायला रुग्णाने शिकायचं, समोर कागदावर उमटणारी दाबाची रेघ बघत. साखळी लावायचं विसरलेल्या पहारेकऱ्याला पुन्हा साखळी लावायला शिकवणं! चार बैठकींच्या आत त्यांना ते जमलं. सहापैकी चार जण पूर्ण बरे झाले, दोघांना नक्की फरक पडला. पुढे सहा महिने ते पाच वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवून हे सांगितलं गेलं.

याला बायोफीडबॅक म्हणतात. पेल्व्हिक फ्लोअरची फिजिओथेरपी म्हणजे हे आणि याच्या भोवतीची बरीच शिकवणी. दिल्ली आणि आसपासच्या मोठ्या रुग्णालयांत ती आज मिळते.

शिकवणी कशाला? नुसतं ‘आवळा’ म्हणून भागणार नाही का? नाही भागत. 1991 मध्ये 47 बायकांना तोंडी सूचना देऊन हा व्यायाम करायला सांगितला आणि तपासलं. जेमतेम निम्म्यांना तो बरोबर जमला. चौथा हिस्सा बायका चक्क उलटं करत होत्या, आवळून वर घेण्याऐवजी खाली जोर लावत होत्या, ज्याने त्रास वाढला असता. कुणी नितंब घट्ट करतं, कुणी मांड्या दाबतं, कुणी श्वास कोंडून लाल होतं. न दिसणाऱ्या स्नायूचा पत्ता मेंदूला सापडत नाही, हेच खरं दुखणं.

म्हणून थेरपिस्ट आधी पत्ता शोधून देतात. परवानगी घेऊन, हातमोजा घातलेल्या बोटाने किंवा छोट्या सेन्सरने तपासतात. (बाईला बाई थेरपिस्ट हवी असेल तर तसं मागता येतं; आतली तपासणी नको असेल तर नको म्हणता येतं.) मग म्हणतात, वायू अडवायचाय असं समजा. आता तो भाग आत आणि वर घ्या. नोएडातल्या टॉवरची लिफ्ट आठवा, तळमजल्यावरून पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या मजल्यावर. आणि तितक्याच सावकाश खाली. खाली येणंही तेवढंच महत्त्वाचं, कारण सतत ताठलेला स्नायू ऐन वेळी काय आवळणार? श्वास सोडताना वर घ्यायचं. छातीखालचा पडदा आणि हा तळ दोघं जोडीने चालतात. श्वास घेताना दोघं खाली, सोडताना दोघं वर. काही वेळा लांबवून आवळायचं, दहा सेकंदांपर्यंत, काही वेळा झटपट. दिवसातून तीनदा, निदान तीन महिने. पहिल्या काही आठवड्यांत वाढते ती मेंदू आणि स्नायूची ओळख. स्नायू जाड होतो तो नंतर.

याहून सुंदर धडा आहे घाईचा. संडासाची घाई लागली की आपण धावतो. पण कडं पूर्ण जोराने फार तर मिनिटभर आवळून धरता येतं, आणि धावताना पोटातला दाब वाढतच जातो. हरणारी शर्यत! खरं तर घाई लाटेसारखी येते. गुदाशय आकुंचन पावतो, मग स्वतःच सैलावतो आणि आलेल्याला जागा करून देतो. म्हणून शिकवतात, थांबा. जागेवर उभे राहा किंवा बसा. आवळा, श्वास सोडा, लाट ओसरू द्या. मग शांतपणे चालत जा. सात-आठ पावलांचं अंतरही ज्यांना पार करता येत नव्हतं, ते या एका युक्तीने पोहोचायला लागतात.

ज्यांना काही आल्याचं कळतच नाही, त्यांच्यासाठी फुग्याचा धडा वेगळा. आधी बरीच हवा भरून विचारायचं, कळलं का? मग थोडी कमी. आणखी कमी. कानाने हळूहळू बारीक सूर ओळखायला शिकावं तसा गुदाशय शिकतो.

आणि इसबगोल! त्याला आपण जुलाबाचं औषध समजतो. पण हा भुसा पाणी धरून ठेवतो. कडक मळात ओलावा देतो, पातळ मळातलं जादा पाणी शोषून त्याला आकार देतो. पातळ मळ रोखायला कड्याला जेवढे कष्ट पडतात, तेवढे बांधलेला मळ रोखायला पडत नाहीत. कधी किती घ्यायचं ते मात्र डॉक्टरांना विचारून.

यंत्रं किती लागतात? लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयात 171 रुग्णांचे चार गट केले. एका गटाला नुसता नीट सल्ला, दुसऱ्याला व्यायामही, उरलेल्या दोघांना यंत्रं. 2003 मध्ये निकाल आला: चारही गटांत निम्म्याच्या आसपास लोक सुधारले, यंत्राने जास्त भर पडली नाही. कुणीतरी वेळ देऊन ऐकलं आणि समजावलं, त्याचाच केवढा गुण! पुढे 2009 मध्ये अमेरिकेत उलटं दिसलं. सल्ला देऊनही न सुधारलेल्यांत बायोफीडबॅक घेणाऱ्या 76 टक्के लोकांना पुरेसा आराम पडला, नुसता व्यायाम करणाऱ्या 41 टक्के लोकांना. माझ्या मते दोन्ही अभ्यास मिळून एकच क्रम सांगतात: आधी माणूस, मग व्यायाम, मग यंत्र.

या कड्यांना हुकूम येतात कुठून, ते बघायला आता मणक्याकडे. 1899 मध्ये ओनुफ्रोविच नावाच्या डॉक्टरने मज्जारज्जूच्या अगदी खालच्या टोकाला पेशींचा एक इवला पुंजका वेगळा ओळखला. शौच आणि लघवी, दोन्ही दारांच्या बाहेरच्या कड्यांना हुकूम जातो तो इथून. त्याचं नवल पुढे कळलं. पोलिओचा विषाणू मज्जारज्जूतल्या नेमक्या अशाच हुकूम देणाऱ्या पेशी मारतो. पाय लुळे पडतात, कधी श्वासही जातो. पण हा पुंजका तो बहुधा सोडून देतो! चालता न येणारी पोलिओची मुलं शौच-लघवी मात्र रोखू शकत.

1952 च्या सुमारास मुंबईत पोलिओची साथ आली आणि त्या मुलांसाठी परळच्या केईएम रुग्णालयात देशातली फिजिओथेरपीची पहिली शाळा निघाली. ज्या आजाराने या स्नायूंना हात लावला नाही, त्याच्यामुळे आपल्याकडे ही विद्या आली. आता ती त्याच स्नायूंपर्यंत पोहोचतेय.

दिल्लीतली गोष्ट वेगळ्या वाटेने आली. मेजर हरिपाल सिंग अहलुवालिया 29 मे 1965 रोजी एव्हरेस्टच्या माथ्यावर उभे होते. त्याच वर्षीच्या युद्धात मणक्याला गोळी लागली आणि पुढचं आयुष्य चाकाच्या खुर्चीत गेलं. वसंत कुंजमधलं इंडियन स्पायनल इंज्युरीज सेंटर त्यांनी उभं केलं. मणका तुटलेल्यांचं पुनर्वसन म्हटलं की आपल्याला खुर्ची दिसते. पण शौचाची वेळ हातात आल्याशिवाय खुर्चीवरून कामाला जाता येत नाही. मज्जारज्जू पूर्ण तुटला असेल तर वरचा हुकूम खाली पोहोचणार नाही, तिथे आवळायचा व्यायाम उपयोगाचा नाही. तरीही दार मुकं झालेलं नसतं. इजा वरच्या भागात असेल तर खालचे प्रतिक्षेप शाबूत राहतात. सकाळी काही खाल्लं-प्यायलं की मोठं आतडं आपोआप हलायला लागतं. त्या वेळेला हातमोजा घातलेल्या, वंगण लावलेल्या बोटाने आत हलकेच गोल फिरवलं की गुदाशय स्वतःहून रिकामा होतो. नर्सकडून नीट शिकून, रोज ठरल्या वेळी. दिवसाचे उरलेले तास मोकळे! मेंदूशी संबंध तुटल्यावरही तळाला आपलं काम आठवतं.

एक मात्र उशीर न करण्याजोगं. शौच-लघवीचा ताबा अचानक गेला, बसण्याची जागा बधिर झाली, पायांतलं बळ कमी वाटलं, तर त्याच दिवशी, त्याच तासाला रुग्णालयात जायचं. तिथे व्यायामाची वाट बघायची नाही. शौचातून रक्त जात असेल किंवा वजन कारण नसताना उतरत असेल, तर आधी तपासणी.

बाकी सगळ्यांसाठी, आणि घरातल्या ज्या आई-मावशी-काका हल्ली लग्नाला यायचं टाळतात त्यांच्यासाठी, पुढच्या वेळी डॉक्टरांकडे एक वाक्य बोलायचं आहे. ‘शौचावर ताबा राहत नाही, पेल्व्हिक फ्लोअरच्या फिजिओथेरपिस्टकडे पाठवा.’ समोरचे डॉक्टर दिल्लीचे असतील तर ‘कंट्रोल नहीं रहता’ एवढं पुरे. त्यांना कळतं.